हनुवटीवरचे राठ केस : कुठे, कधीपासून, किती वेगाने

बारावीपासून माझ्या पर्समध्ये एक चिमटा असतो. हनुवटीखाली डाव्या बाजूला दोन-तीन राठ केस यायचे. खिडकीच्या उजेडात आरसा धरून ते उपटायचे आणि मग कॉलेजला निघायचे, असा रोजचा क्रम होता. आईलाही मी हे सांगितले नव्हते. पुढे केस वाढत गेले, मी पार्लरला जाऊ लागले. एकदा तिथल्या बाईंनी दोरा बाजूला ठेवून विचारले, “ताई, दिवाळीला आलात तेव्हा एवढे नव्हते. पाळी येते ना वेळेवर?”

येत नव्हती. दोन-दोन, अडीच-अडीच महिने येत नव्हती. पण या दोन गोष्टींचा एकमेकींशी काही संबंध असेल, हे तोवर माझ्या मनातही आले नव्हते. मुरमांसाठी ज्या डॉक्टरांकडे मी वर्षभर जात होते, त्यांनीही ते कधी विचारले नव्हते.

बाईंचा प्रश्न नेमका होता. केस कुठे आले, कधीपासून आले, किती वेगाने वाढले आणि पाळीचे काय चालले आहे, एवढे कळले की निम्मे निदान झाले असे समजा. केस किती आहेत, हा प्रश्न त्यानंतरचा. आपल्याकडे मात्र सगळी चर्चा ‘किती’वर होते आणि ती पार्लरमध्येच संपते. म्हणून या चार प्रश्नांच्या मागे शरीरात काय घडत असते ते मला सविस्तर सांगायचे आहे.

लव राठ होते ती कशी

तान्ह्या बाळाच्या कपाळावर, पाठीवर, खांद्यांवर मऊ लव असते. ती जावी म्हणून आपल्याकडे आंघोळ घालणाऱ्या बाई बेसनाचा किंवा कणकेचा गोळा बाळाच्या अंगावरून फिरवतात. ती लव खरे तर काही आठवड्यांत आपोआपच गळते. पण त्याच मुळांतून पुन्हा बारीक, फिकट लव येते आणि ती जन्मभर राहते. केस ज्यातून उगवतो त्या रोमकूपांची संख्या आपण आईच्या पोटात असतानाच ठरलेली असते. साधारण ५० लाख. जन्मानंतर नवा रोमकूप तयार होत नाही. पुरुषाच्या आणि बाईच्या गालावरच्या रोमकूपांच्या संख्येतही फार फरक नसतो. एकाच्या गालावर दाढी दिसते आणि दुसरीच्या गालावर लव, कारण त्या रोमकूपांना मिळणारा हुकूम वेगळा असतो.

तो हुकूम देतात अँड्रोजन या गटातली संप्रेरके. टेस्टोस्टेरॉन हे त्यातले सर्वांत माहितीचे. यांना ‘पुरुषी संप्रेरके’ म्हणायची पद्धत आहे आणि त्या नावाने बायकांचे फार नुकसान केले आहे, असे माझे मत आहे. “तुमच्यात पुरुषी हार्मोन वाढलेत” हे वाक्य ऐकून रडत घरी आलेल्या मुली मी पाहिल्या आहेत. वस्तुस्थिती अशी की प्रत्येक बाईच्या शरीरात टेस्टोस्टेरॉन असतेच, आणि असावेच लागते. ज्याला आपण बायकी संप्रेरक म्हणतो ते इस्ट्रोजेन शरीर अँड्रोजनपासूनच बनवते. फरक प्रमाणाचा आहे. बायकांच्या रक्तात दर डेसिलिटरला साधारण १५ ते ७० नॅनोग्रॅम टेस्टोस्टेरॉन असते, पुरुषांच्या रक्तात ३०० ते १०००. बाईच्या शरीरातले काही टेस्टोस्टेरॉन बीजांडकोशातून येते, काही मूत्रपिंडांवर टोपीसारख्या बसलेल्या अ‍ॅड्रिनल ग्रंथींतून, आणि जवळजवळ निम्मे चरबी, त्वचा अशा ठिकाणी इतर संप्रेरकांचे रूपांतर होऊन तयार होते.

रक्तातले टेस्टोस्टेरॉन रोमकूपापर्यंत पोहोचले की तिथले एक एन्झाइम त्याचे आणखी जोरकस रूप बनवते. त्याला डायहायड्रोटेस्टोस्टेरॉन म्हणतात. त्याच्या प्रभावाखाली लव जाड, काळी आणि राठ होत जाते. आणि एकदा एखादा रोमकूप राठ केस देऊ लागला की संप्रेरके पुन्हा जागेवर आली तरी तो सहजासहजी लवेकडे परतत नाही. उपचारांबद्दल पुढे जे सांगणार आहे त्यासाठी हे लक्षात ठेवा.

गंमत म्हणजे हेच संप्रेरक डोक्यावर उलटे काम करते. हनुवटीवरचा केस ते जाड करते आणि टाळूवरचा केस बारीक. त्यामुळे “खाली उगवतात आणि वर गळतात” ही तक्रार घेऊन आलेल्या बाईला दोन आजार नसतात, बहुधा एकच असतो.

हे एन्झाइम प्रत्येकीच्या त्वचेत सारख्याच जोमाने काम करत नाही. दोन मैत्रिणींच्या रक्ताचे रिपोर्ट अगदी सारखे असू शकतात, आणि तरीही एकीचा चेहरा स्वच्छ आणि दुसरीला रोज चिमटा लागतो. घराण्याचा वाटा इथे मोठा. दक्षिण आशिया, मध्यपूर्व आणि भूमध्य समुद्राकाठच्या बायकांच्या अंगावर, तेवढ्याच संप्रेरकाला, चीन-जपानमधल्या बायकांपेक्षा जास्त केस दिसतात. आजीच्या ओठावर लव होती, आईच्या आहे, तुमच्याही आहे, ती वयात येताना आली आणि तिथेच थांबली, पाळी चोख आहे, तर तो बहुतेक वेळा तुमचा वारसाच असतो.

कुठले केस मोजायचे

हात आणि पायाच्या नडग्या भरून केस आहेत म्हणून घाबरून डॉक्टरकडे जाणाऱ्या खूप मुली असतात. पण कोपराखालचा हात आणि गुडघ्याखालचा पाय हे या हिशेबात येतच नाहीत. १९६१ मध्ये फेरीमन आणि गॅलवे या दोन डॉक्टरांनी अंगावरच्या ११ जागा ठरवून प्रत्येकीला शून्य ते चार गुण देण्याची पद्धत मांडली. पुढे त्यातून हे दोन भाग वगळले गेले, कारण तिथल्या केसांचा अँड्रोजनशी फारसा संबंध नाही. उरल्या नऊ जागा : वरचा ओठ, हनुवटी, छाती, बेंबीच्या वरचे पोट, बेंबीखालचे पोट, दंड, मांड्या, पाठीचा वरचा भाग आणि कंबर. म्हणजे जिथे पुरुषांना राठ केस येतात त्याच जागा. एकूण गुण ३६. किती गुणांपुढे ‘जास्त’ म्हणायचे हे जगभर एकसारखे नाही. पूर्वी आठ हा आकडा सर्रास वापरत. आताच्या आंतरराष्ट्रीय शिफारशींनुसार वंशाप्रमाणे चार ते सहाच्या पुढे लक्ष द्यावे.

या नऊ जागी राठ केस येणे याला वैद्यकात हर्सुटिझम म्हणतात. प्रजननवयातल्या शंभर बायकांपैकी पाच ते दहा जणींना हा त्रास असतो. तुमच्या लोकलच्या डब्यात, तुमच्या ऑफिसात, तुमच्या हळदीकुंकवात त्या असतात. दिसत नाहीत, कारण त्या सकाळी लवकर उठून आरशासमोर बसलेल्या असतात.

याहून वेगळा एक प्रकार आहे. सगळ्या अंगावर, जागा न निवडता लव वाढते. याला हायपरट्रायकोसिस म्हणतात आणि त्याचा अँड्रोजनशी संबंध नसतो. फिट्सवर दिले जाणारे फेनिटॉइन, प्रत्यारोपणानंतरचे सायक्लोस्पोरिन, डोक्याला लावायचे मिनॉक्सिडिल, यांनी असे होऊ शकते. बराच काळ उपाशी राहून शरीर खंगले तरी होते.

आणि आपल्याकडे याचे एक कारण मेडिकलच्या काउंटरवर मिळते. काळवंडलेला चेहरा उजळावा म्हणून वर्षानुवर्षे मुली मैत्रिणीने, वहिनीने किंवा दुकानदाराने सुचवलेली ट्यूब लावत आल्या आहेत. त्यातल्या अनेक ट्यूबांत स्टेरॉइड असते. पहिले पंधरा दिवस चेहरा उजळतो, मग त्वचा पातळ होते, लाल होते, मुरमे येतात आणि गालांवर, कल्ल्यांपाशी लव वाढू लागते. ट्यूब थांबवली की चेहरा पेटून उठतो, म्हणून पुन्हा लावली जाते. अशी मलमे खरे तर डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नसतात. घरात अशी ट्यूब असेल तर तिच्यावरचे घटक वाचा. नावाच्या शेवटी ‘मेटासोन’, ‘बेटासोल’ असे काही दिसले तर त्वचारोगतज्ज्ञाला दाखवून, त्याच्या सल्ल्याने ती बंद करा.

पीसीओडी : दहापैकी सात-आठ जणींचे कारण

राठ केसांचे मूळ शोधत गेले की शंभरातल्या ७० ते ८० जणींच्या बाबतीत उत्तर एकच निघते : पीसीओएस (पॉलिसिस्टिक ओव्हरी सिंड्रोम), म्हणजे ज्याला आपण सगळे पीसीओडी म्हणतो ते. जागतिक आरोग्य संघटना सांगते की प्रजननवयातल्या साधारण ८ ते १३ टक्के स्त्रियांना हा विकार असतो आणि त्यांतल्या ७० टक्क्यांपर्यंत स्त्रियांचे निदानच झालेले नसते.

नावात ‘सिस्ट’ आहे, आणि पहिली भीती तिथूनच सुरू होते. सोनोग्राफीच्या रिपोर्टवर ‘पॉलिसिस्टिक’ वाचून घरात “पोटात गाठी आहेत” असा बोभाटा होतो. त्या गाठी नसतात. दर महिन्याला बीजांडकोशात अनेक बीजपुटके वाढू लागतात, त्यांतले एक पुढे जाऊन बीज सोडते आणि बाकीची विरतात. पीसीओडीत ती सगळी अर्ध्या वाटेवर थांबतात. सोनोग्राफीत माळेतल्या मण्यांसारखी दिसतात ती हीच थांबलेली पुटके. ती कापून काढायची नसतात आणि त्यांचा कॅन्सरही होत नसतो.

ती थांबतात का? इथे इन्सुलिन येते. पीसीओडी असलेल्या पुष्कळ बायकांच्या शरीरात इन्सुलिनचे म्हणणे पेशी नीट ऐकत नाहीत, म्हणून स्वादुपिंड जास्त इन्सुलिन सोडते. स्नायू आणि यकृत बहिरे झालेले असतात, पण बीजांडकोश बहिरा होत नाही. वाढलेल्या इन्सुलिनच्या रेट्याखाली तो जास्त टेस्टोस्टेरॉन बनवतो. त्याच वेळी यकृत एक विशिष्ट प्रथिन कमी बनवू लागते. या प्रथिनाचे काम टेस्टोस्टेरॉनला रक्तात बांधून ठेवण्याचे. बांधलेले टेस्टोस्टेरॉन निरुपद्रवी, मोकळे सुटलेले कामाला लागते. म्हणजे माल जास्त बनतो आणि कोठारही लहान होते. हे मोकळे टेस्टोस्टेरॉन एकीकडे बीज पिकू देत नाही, म्हणून पाळी लांबते. दुसरीकडे ते हनुवटीवरच्या रोमकूपांपर्यंत पोहोचते. माझ्या पर्समधला चिमटा आणि माझी लांबलेली पाळी यांना जोडणारा धागा हा होता.

केस आणि साखर यांचा हा संबंध वैद्यकाला शंभर वर्षे माहीत आहे. १९२१ मध्ये अशार आणि तिएर या फ्रेंच डॉक्टरांनी ‘दाढीवाल्या बायकांचा मधुमेह’ अशा शब्दांत त्याचे वर्णन केले होते. १९३५ मध्ये शिकागोच्या स्टाइन आणि लेव्हेंथल यांनी सात स्त्रियांच्या नोंदी प्रसिद्ध केल्या : पाळी थांबलेली, बीजांडकोश मोठे झालेले, बऱ्याच जणींच्या अंगावर केस. तेव्हापासून कितीतरी वर्षे हा आजार त्या दोघांच्या नावाने ओळखला जात होता. आज निदानासाठी वापरतात तो आराखडा २००३ मध्ये रॉटरडॅमच्या बैठकीत ठरला. अनियमित पाळी, वाढलेल्या अँड्रोजनची अंगावर किंवा रक्तात दिसणारी खूण, आणि सोनोग्राफीतले ते चित्र, या तिन्हींपैकी दोन गोष्टी असल्या आणि दुसरे कारण सापडले नाही, तर पीसीओडी म्हणायचे. म्हणजे पाळी लांबत असेल आणि राठ केस असतील तर सोनोग्राफी स्वच्छ येऊनही पीसीओडी असू शकतो. उलट, पाळी सुरू होऊन आठ वर्षेही न झालेल्या मुलीच्या सोनोग्राफीवरून हे निदान करूच नये, कारण त्या वयात असे चित्र निरोगी मुलींमध्येही दिसते. चौदा-पंधराच्या मुलीला एका सोनोग्राफीवर पीसीओडीचा शिक्का मारून आणणाऱ्या घरांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

‘अनियमित’ म्हणजे किती? मोठ्या बाईची पाळी ३५ दिवसांपेक्षा लांबत असेल, किंवा वर्षातून आठपेक्षा कमी वेळा येत असेल, तर ती अनियमित. “लग्न झाले की सगळे सुरळीत होते” हे ऐकून थांबू नका. पाळी महिनोन्महिने आली नाही तर गर्भाशयाचे अस्तर साचत जाते, आणि वर्षानुवर्षे असे चालले तर त्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. मधुमेहाचा धोकाही वाढतो, आणि तो सडपातळ मुलींनाही असतो. आपल्याकडे अंगाने बारीक पण पोटाशी चरबी असलेल्या, पीसीओडीच्या मुली पुष्कळ दिसतात. “तू कुठे जाड आहेस, तुला कसला पीसीओडी” म्हणून त्यांना परत पाठवले जाते.

दुसरी कारणे, कमी पण चुकवू नयेत अशी

काही जणींना केस आहेत, पण पाळी नियमित आणि रक्तातली संप्रेरके योग्य प्रमाणात. यामागे बहुधा त्वचेतल्या त्या एन्झाइमचा जास्त जोम असतो. मात्र महिन्याला पाळी येते म्हणजे बीज सुटतेच असे नाही, म्हणून डॉक्टर कधीकधी पाळीच्या चक्राच्या उत्तरार्धात प्रोजेस्टेरॉन हे बीज सुटल्यावर वाढणारे संप्रेरक तपासतात.

एक कारण जन्मजात असते. अ‍ॅड्रिनल ग्रंथीत कॉर्टिसोल हे संप्रेरक बनवणाऱ्या साखळीतले एक एन्झाइम कमकुवत असते, कच्चा माल तुंबतो आणि अँड्रोजनच्या वाटेला वळतो. याचा सौम्य प्रकार मुलगी वयात आल्यावर मुरमे, राठ केस आणि लांबलेली पाळी या रूपात दिसतो, अगदी पीसीओडीसारखाच. आई आणि वडील दोघांकडून सदोष जनुक आले तरच हा आजार होतो. त्यामुळे जिथे मामाच्या किंवा आत्याच्या घरात लग्न करायची रीत आहे तिथे तो जास्त संभवतो. अशा घरातली मुलगी असेल तर डॉक्टरांना हे आवर्जून सांगा. पाळीच्या पहिल्या काही दिवसांत, सकाळी लवकर घेतलेल्या रक्तात १७-हायड्रॉक्सीप्रोजेस्टेरॉन, म्हणजे तो तुंबलेला कच्चा माल, तपासला की उलगडा होतो.

आणखी काही कारणे आणि त्यांच्या खुणा. कुशिंगचा आजार, म्हणजे कॉर्टिसोल फार वाढणे : चेहरा गोल, हातपाय बारीक, पोटावर रुंद जांभळ्या रेषा, जरासे लागले की काळेनिळे. प्रोलॅक्टिन वाढणे : बाळ नसताना स्तनांतून दूध. औषधांपैकी डॅनॅझोल, फिट्ससाठीचे व्हॅल्प्रोएट आणि व्यायामशाळेत ‘पावडर’ म्हणून दिली जाणारी अ‍ॅनाबॉलिक स्टेरॉइड्स. नवरा अंगाला टेस्टोस्टेरॉनची जेल लावत असेल तर तीही स्पर्शातून बाईच्या अंगाला लागते.

पन्नाशीनंतर हनुवटीवर चार केस उगवले तर घाबरू नका. पाळी गेल्यावर इस्ट्रोजेन झपाट्याने उतरते, अँड्रोजन सावकाश, त्यामुळे पारडे थोडे झुकते. पण त्या वयात केस एकाएकी आणि भराभर वाढले तर मात्र थांबू नका.

आता वेगाबद्दल, कारण या सगळ्या विषयात मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो तो हाच मुद्दा. प्राचीन ग्रीक वैद्यांच्या नोंदींत आबडेरा गावच्या फेथुसा नावाच्या बाईची हकिकत आहे. तिला मुले झालेली होती. नवरा परागंदा झाल्यावर तिची पाळी थांबली, मग सांधे दुखू लागले, अंगभर केस आले, दाढी उगवली, आवाज घोगरा झाला. वैद्यांनी पाळी परत आणायचा प्रयत्न केला, पण ती बाई मरण पावली. १६३१ मध्ये नेपल्सला रिबेरा या चित्रकाराने माग्दालेना व्हेन्तुरा नावाच्या बाईचे चित्र काढले. भरघोस दाढी, मागे नवरा, कुशीत तान्हे मूल. चित्रातल्या शिळेवर कोरले आहे की ती ५२ वर्षांची असून हे केस तिला ३७ व्या वर्षी येऊ लागले. या दोघींना काय झाले होते ते आज कुणी छातीठोकपणे सांगू शकणार नाही. पण दोघींच्या हकिकतीत आजच्या डॉक्टरला सावध करणारी गोष्ट एकच आहे : आयुष्याच्या मध्यावर, मुले झाल्यानंतर सुरू झालेली वाढ.

पीसीओडीतले केस वयात येताना सुरू होतात आणि वर्षानुवर्षे हळूहळू वाढतात. काही महिन्यांत चेहरा बदलला, आवाज जाड झाला, कपाळाच्या दोन्ही कडांना टक्कल पडू लागले, दंड पिळदार झाले, योनीच्या वरचा दाणा मोठा झाला, तर बीजांडकोशातली किंवा अ‍ॅड्रिनलमधली अँड्रोजन बनवणारी गाठ शोधावी लागते. अशी गाठ फार क्वचित असते, राठ केसांच्या हजारात दोन-तीन जणींना. पण ती वेळेवर सापडली तर काढता येते. टेस्टोस्टेरॉन दीडशे-दोनशेच्या पुढे गेलेले असेल तर डॉक्टर लगेच स्कॅन सांगतात. ही लक्षणे दिसल्यावर पार्लरची पुढची तारीख घेऊ नका, त्याच आठवड्यात डॉक्टर गाठा.

तपासण्यांपूर्वी दोन सूचना

गर्भनिरोधक गोळ्या चालू असताना टेस्टोस्टेरॉन तपासले तर ते कमीच दिसते. म्हणून ही तपासणी गोळ्या सुरू करण्याआधी व्हावी, किंवा डॉक्टरांना विचारून गोळ्या तीन महिने थांबवून. दुसरे, केस गळतात म्हणून बायोटिनच्या गोळ्या घेणाऱ्या खूप जणी आहेत. बायोटिनमुळे थायरॉइडसकट अनेक संप्रेरकांचे रिपोर्ट चुकीचे येऊ शकतात. घेत असाल तर रक्त देण्याआधी सांगा. टेस्टोस्टेरॉनबरोबर साधारणपणे थायरॉइड, प्रोलॅक्टिन आणि साखर तपासतात. साखरेसाठी ग्लुकोज पिऊन दोन तासांनी केलेली चाचणी जास्त बोलकी.

उपाय

वस्तऱ्याने केस जाड होतात हा समज इतका घट्ट आहे की पुष्कळ मुली वर्षानुवर्षे वॅक्सचे चटके सोसतात पण रेझर हातात घेत नाहीत. १९२८ मध्येच मिल्ड्रेड ट्रॉटर या अमेरिकन शास्त्रज्ञ बाईंनी दाढी करणाऱ्या पुरुषांचे केस मोजून दाखवले होते की दाढी केल्याने केसाचा रंगही बदलत नाही, जाडीही नाही. वस्तरा कातडीच्या वरचा केस कापतो, मुळाला त्याचा पत्ताही लागत नाही. टोकदार टोक जाऊन बोथट टोक वर येते म्हणून बोटाला खरखरीत लागते, एवढेच. चेहऱ्यावर हलक्या हाताने रेझर फिरवणे हा सुरक्षित उपाय आहे. थ्रेडिंग, वॅक्सिंगने मात्र सावळ्या त्वचेवर पुटकुळ्या आणि मग काळे डाग राहू शकतात. मुरमांसाठी रेटिनॉइड मलम लावत असाल तर वॅक्स करूच नका, कातडी सोलून निघते. हळद-बेसनाने त्वचा स्वच्छ होते, मूळ मरत नाही. पुदिन्याच्या चहाचे छोटे प्रयोग झाले आहेत. महिनाभरात रक्तातली संप्रेरके थोडी हलली, पण तपासणाऱ्या डॉक्टरांना केसांत फरक दिसला नाही.

आतून करायच्या उपचारांत पहिली पायरी बहुधा गर्भनिरोधक गोळ्यांची असते. “लग्न व्हायचे आहे आणि गोळ्या?” असे म्हणून घरचे दचकतात. इथे त्यांचे काम वेगळे असते : त्या बीजांडकोशाला टेस्टोस्टेरॉन बनवण्यापासून रोखतात आणि ते बांधून ठेवणारे प्रथिन वाढवतात. त्यांनी मूल होण्याची क्षमता जात नाही. मात्र रक्तदाब, तंबाखू, डोळ्यांपुढे चमकून सुरू होणारी अर्धशिशी, पायाच्या शिरेत गुठळी झाल्याचा इतिहास, यांपैकी काही असेल तर डॉक्टरांना आधी सांगा, कारण गुठळीचा धोका असतो. सहा महिन्यांत पुरेसा फरक पडला नाही तर स्पायरोनोलॅक्टोन हे अँड्रोजनला अडवणारे औषध जोडतात. ते घेताना गर्भ राहता कामा नये, पोटातल्या मुलग्याच्या लिंगाच्या वाढीवर परिणाम होऊ शकतो. मेटफॉर्मिन साखरेसाठी आणि पाळीसाठी उपयोगी आहे, केसांसाठी त्याच्यावर विसंबू नये. वजन जास्त असेल तर पाच ते दहा टक्के उतरले तरी इन्सुलिन खाली येते आणि पुष्कळदा पाळी परतते.

सहा महिने का? हनुवटीवरचा केस काही महिने वाढतो, मग गळतो, मग त्या रोमकूपातून नवा येतो. औषध आज आलेल्या केसाला काही करत नाही, पुढच्या फेरीचा केस बारीक करते. दोन महिन्यांनी “काही उपयोग नाही” म्हणून औषध सोडणाऱ्या मुली नेमक्या त्या फेरीच्या आधी थांबतात.

आणि जे रोमकूप आधीच राठ झाले त्यांच्यासाठी लेसर किंवा इलेक्ट्रोलिसिस. लेसर केसातल्या काळ्या रंगाला तापवून मूळ जाळतो. आपल्या त्वचेतही तोच रंग असतो, म्हणून चुकीच्या यंत्राने भाजते, डाग पडतात. सावळ्या त्वचेला १०६४ नॅनोमीटरचा एनडी-याग लेसर जास्त सुरक्षित. यंत्र कोणते, चालवणार कोण, हे विचारल्याशिवाय सवलतीचे पॅकेज घेऊ नका. लेसरच्या आधी काही आठवडे केस उपटू नका, मूळच नसेल तर लेसर जाळणार काय. रेझर चालतो. पांढऱ्या केसांवर लेसर चालत नाही. काही जणींना, विशेषतः आपल्यासारख्या वर्णाच्या बायकांना, लेसर केलेल्या जागेच्या आसपास उलट नवे केस येतात, हे आधीच माहीत असलेले बरे. आणि आतली संप्रेरके तशीच ठेवून नुसता लेसर केला तर शेजारची लव राठ होत राहते, पैसे जात राहतात. इलेक्ट्रोलिसिस एकेका मुळात सुई घालून करतात, वेळखाऊ आहे, पण कायमचे केस काढणारी पद्धत तीच. १८७५ मध्ये सेंट लुईसच्या चार्ल्स मिशेल या नेत्रतज्ज्ञांनी डोळ्यात टोचणाऱ्या पापण्यांसाठी ती पहिल्यांदा वापरली.

२०२४ मध्ये उत्तर प्रदेश बोर्डाच्या दहावीत पहिली आलेल्या मुलीचा फोटो छापून आला आणि तिच्या गुणांऐवजी तिच्या ओठावरच्या केसांवर हजारो लोक बोलले. ते वाचताना मला रागाहून जास्त भीती वाटली, कारण तो फोटो पाहून किती मुलींनी चिमटा आणखी खोल लपवला असेल. या लपवण्यामुळेच निदान चुकते. तपासणीला जाण्याच्या आदल्या दिवशी बहुतेक जणी पार्लरला जाऊन येतात, मी स्वतः गेले होते. डॉक्टरांसमोर स्वच्छ चेहरा, “काही विशेष नाही” हे उत्तर, आणि आणखी दोन वर्षे वाया. म्हणून, शक्य असेल तर भेटीच्या आधी दोन-तीन आठवडे केस काढू नका. तेवढे धाडस होत नसेल तर मोबाइलवर खिडकीच्या उजेडात हनुवटीचे, ओठाचे, पोटाचे फोटो काढून ठेवा, दर महिन्याला एक, खाली तारीख घालून. त्याच नोंदीत पाळीच्या गेल्या वर्षभराच्या तारखा लिहा. खुर्चीत बसल्यावर काहीच बोलवेनासे झाले तर नुसता फोन पुढे करा.